कोपरा शार्पच ठेवा

सोमवार, ६ जानेवारी २०२५

आज ड्रम फिरला. स्क्रीनवरच, पण फिरला.

वारंगा फाट्यावरच्या या वर्कशॉपमध्ये मला आता महिना होईल. हळद पॉलिश करायची, ट्रॅक्टरवर चालणारी मशीन इथं सतरा वर्षांपासून बनते आणि तिचं एकही ड्रॉइंग नाही. सगळं वसराम काकांच्या डोक्यात. खडू घेऊन फरशीवर गोल मारायचा, दोरीनं माप घ्यायचं आणि पत्रा कापायला लागायचं. त्यामुळे कोणत्याच दोन मशीन सारख्या नाहीत. एकीचा भाग दुसरीला बसत नाही. गिऱ्हाइकाचं काही मोडलं की मशीनच ट्रॅक्टरवर घालून आणावी लागते. मालक सोमेश्वरदादांनी मला घेतलं ते हे संपवायला.

पंधरा दिवस मी जुनी मशीन टेपनं, व्हर्नियरनं मोजत होते. एकेक भाग कॉम्प्युटरवर कॅडमध्ये काढला, जोडला आणि आज सगळा ड्रम फिरवून दाखवला. दादांनी गॅरेजवाल्यांना, हॉटेलवाल्याला, सगळ्यांना बोलावून आणलं. "बघा, अजून लोखंड कापलं न्हाई आन मशीन तयार!"

वसराम काका सगळ्यांत शेवटी आले. साठीचे आहेत, लेथ त्यांची. हात पुसत बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "फिरून तर छान राहिलं. पण हळद कुठंय त्याच्यात?"

सगळे हसले. मीही हसले, पण लागलं. पुण्यात दोन वर्षं मी गाडीच्या सीटखालची एक पट्टी कॅडवर काढत होते. ती पट्टी मी कधी हातात धरली नाही. इथं पहिल्यांदा आख्खी मशीन माझी आहे. आणि म्हणे हळद कुठंय.

शुक्रवार, १७ जानेवारी

पहिली मशीन माझ्या ड्रॉइंगवरून उभी राहतेय. सगळं बसलं, फक्त शाफ्ट नाही.

ड्रमच्या दोन्ही बाजूंना एकेक जाड शाफ्ट, म्हणजे लोखंडी दांडा असतो. टोकाला तो बारीक होतो आणि त्या बारीक भागावर बेअरिंग चढतं. जाड भाग संपून बारीक सुरू होतो तिथं एक पायरी आहे. बेअरिंग त्या पायरीला चिकटून बसायला हवं. बसत नाही. दोन मिलिमीटर फट राहते, कारण पायरीच्या आतल्या कोपऱ्यात काकांनी गोलाई ठेवलीय. ड्रॉइंगमध्ये सरळ काटकोन आहे.

मी विचारलं, "काका, इथं गोल का केलंय?"

"असंच असतंय ते."

"पण ड्रॉइंगमध्ये नाहीये."

"ड्रॉइंगात न्हाई, पण माझं हत्यार तसंच घासलेलं हाय. मधी एक कडं घाला, बसतंय बराबर."

"कडं कशाला? कोपरा सरळ काढला की कड्याची गरजच नाही."

"कोपरा सरळ काढला की लोखंड रुसतंय, जाईताई."

म्हणे, लोखंड रुसतंय. जुन्या मशीनमध्ये ते कडं मी पाहिलं होतं. कुणीतरी फट झाकायला घातलेलं ठिगळ समजून मी ते काढून टाकलं. एक भाग कमी झाला म्हणून दादा खूश होते.

बुधवार, २९ जानेवारी

निर्णय झाला. शाफ्ट आता नांदेडच्या सीएनसी मशीनवर, कॉम्प्युटरनं कापून होणार. बारा मशीनचे चोवीस.

फाइल मेलवर पाठवली. दुपारी तिथल्या ऑपरेटरचा फोन आला. "मॅडम, पायरीचा कोपरा शार्पच ठेवायचा ना? रेडियस दिलेला नाही तुम्ही."

मी म्हणाले, "शार्पच ठेवा." किती बरं वाटलं. कुणीतरी ड्रॉइंग वाचतं, आणि शंका आली तर विचारतं!

मंगळवार, ४ फेब्रुवारी

शाफ्ट आले. चोवीसच्या चोवीस सारखे, आरशासारखे. बेअरिंग हातानं सरकवलं आणि टच बसलं. फट नाही, कडं नाही.

काकांनी एक शाफ्ट उचलला आणि कोपऱ्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. दोनदा फिरवलं. "लई धारदार हाय," एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला.

त्यांना वाईट वाटणारच. लेथ बंद आहे, त्यांना आता ट्रॉलीच्या वेल्डिंगला लावलंय. मी संध्याकाळी त्यांच्याशी मुद्दाम गोड बोलले. ते नेहमीसारखंच बोलले. मला वाटतं, मनातून माझ्यावर रागावलेत.

गुरुवार, २० फेब्रुवारी

बाराव्या मशीनचीही बोली झाली. आठ गेल्या. काल मुद्दाम एका मशीनचं झाकण दुसरीला लावून बघितलं. बसलं! बाबांना सांगितलं. ते कळमनुरीच्या कचेरीत तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झाले. त्यांनी विचारलं, "ड्रॉइंगवर सही कुणाची असते?" मी म्हणाले, माझीच. "मग नीट वाचून करत जा," म्हणाले. शाबासकी द्यायची त्यांची ही पद्धत.

सोमवार, २४ मार्च

क्रमानं लिहिते.

सकाळी दहाला शिरड शहापूरहून किसनरावांचा फोन. दुसऱ्या नंबरची मशीन त्यांच्याकडे आहे. चालू मशीनचा शाफ्ट तुटला. भरलेला ड्रम एका बाजूनं खाली आला आणि चौकटीत अडकून थांबला. पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाई ड्रममधून खाली पडलेली हळदीच्या सालींची भुकटी ओढत होत्या. उजवा पाय ड्रमच्या कडेखाली आला.

आम्ही पोचलो तोवर त्यांना नांदेडला नेलं होतं. पायाची तीन हाडं मोडलीत. थोड्या पुढं वाकलेल्या असत्या तर... हे किसनराव म्हणाले नाहीत. सून म्हणाली आणि तोंडाला पदर लावून आत गेली. खळ्यात सगळीकडे पिवळी भुकटी, आणि एका ठिकाणी ती ओली होऊन काळपट झालेली.

तुटलेला तुकडा मी हातात घेतला. बेअरिंगला लागूनच, पायरीपाशी तुटलाय. तुटलेली बाजू मला वाटली होती तशी खडबडीत नाही. बहुतेक भाग गुळगुळीत, शिंपल्यावर असतात तशा बारीक रेघा एकीपुढे एक. फक्त एका कडेला बोटभर भाग खरखरीत.

दादांनी किसनरावांना बाजूला घेतलं. "किती भरली होती?"

"आठ क्विंटल. तुमीच सांगितलं तेवढी."

"बारा भरली असंन. घाईत कळत न्हाई माणसाला."

"सोमेश्वर, बायको दवाखान्यात हाय माझी. खोटं कशाला बोलू?"

परतताना गाडीत दादा म्हणाले, "रिपोर्ट लिहा. ओव्हरलोड." मी लिहिला. लिहिताना मला तो पटतही होता, हे इथं खरं लिहून ठेवते. हिशोबानं तो शाफ्ट आठच काय, पंधरा क्विंटल पेलायला हवा. मग भार जास्त असल्याशिवाय तुटेल कसा?

मंगळवार, २५ मार्च

दिवसभर कॅडवर शाफ्टला भार लावून बघितला. आठ क्विंटलला सगळा शाफ्ट निळा. निळा म्हणजे निर्धोक. फक्त पायरीच्या कोपऱ्यात केसाएवढी लाल रेघ. हिशोबासाठी कॅड शाफ्टवर चौकोनांची जाळी टाकतं; ती बारीक केली की तिथला ताणाचा आकडा वाढतो, अजून बारीक केली की अजून वाढतो. पुण्यात आमचे सिनिअर सांगायचे, टोकदार कोपऱ्यात आकडा असाच फुगतो. तो खरा नसतो, धरायचा नाही. म्हणून धरला नाही.

म्हणजे शाफ्ट निर्धोक आहे. म्हणजे किसनराव खोटं बोलताहेत.

हे वाक्य लिहिलं, पण पटत नाही. तीन-चारदा भेटलेय मी त्या माणसाला. मशीन न्यायला आले तेव्हा त्यांनी किती भरायची ते विचारून तळहातावर पेननं लिहून घेतलं होतं.

बुधवार, २६ मार्च

दुपारी वसराम काका माझ्या टेबलाशी आले. असे ते कधी येत नाहीत. तुटका तुकडा तिथंच होता. त्यांनी तो खिडकीकडे धरला.

"पायरीतूनच गेला?"

"हो."

"एकदम न्हाई गेला ह्यो. लई दिवस जाऊन राहिला होता." त्यांनी त्या शिंपल्यासारख्या रेघांवर बोट ठेवलं. "ह्या बघा. रोज जरा जरा. ही खरखरीत जागा शेवटची. तेवढीच धरून होती."

मग त्यांनी भंगारातून एक जुना शाफ्ट आणला. मशीन मोडीत निघाली तेव्हा काढून ठेवलेला, चौदा सीझन चाललेला. टेबलावर दोन्ही शेजारी ठेवले. एकाच्या पायरीत गोलाई. दुसऱ्याची पायरी सुरीनं कापल्यासारखी.

"काका, तुम्ही हे मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. लोखंड रुसतंय म्हणलं." मग म्हणाले, "मला ह्याच्याहून दुसऱ्या बोलीत सांगता येत न्हाई, जाईताई. माझ्या उस्तादानं मला असंच सांगितलं. तुमी शिकलेल्या. मला वाटलं, नव्या मशीनीत आसंन काही तरतूद."

ते गेल्यावर मी त्या कोपऱ्यात तीन मिलिमीटरची गोलाई दिली आणि भार परत लावला. लाल गेलं. आकडा एका जागी स्थिर राहिला, कितीही जाळी बारीक केली तरी. मग गोलाई अर्धा मिलिमीटर केली. आकडा तिपटीनं चढला. शून्य करायची हिंमत झाली नाही. शून्य मी आधीच केलेलं आहे, चोवीस वेळा.

ड्रम मिनिटाला तीस फेरे घेतो. प्रत्येक फेऱ्यात तो कोपरा एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. तुटायला ओव्हरलोड लागत नाही. नुसतं चालत राहावं लागतं.

अकरा मशीन या क्षणी चालू आहेत.

गुरुवार, २७ मार्च

दादांना सकाळी गाठलं. दोन शाफ्ट समोर ठेवले, सगळं सांगितलं. ते ऐकत होते की नाही कळेना. शेवटी म्हणाले, "अकराच्या अकरा बंद करायच्या? मार्च महिन्यात? लोकांची हळद उघड्यावर पडलीय. उद्या आभाळ आलं तर मला खळ्यात बांधून ठेवतील."

"दादा, दुसरा शाफ्ट तुटेल."

"अन् न्हाई तुटला तर? एकच तुटलाय."

"एकच तुटलाय आजपर्यंत."

"ड्रॉइंगवर सही तुमची हाय. इचार करा. नांदेडवाल्यानं फोन करून इचारलं व्हतं, तुमीच शार्प म्हणलात. मी शेजारी उभा व्हतो."

"म्हणूनच सांगतेय. रिपोर्टवर पण माझीच सही आहे. तोही खोटा आहे."

ते उठून बाहेर गेले. रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं, आता काढून टाकतात. परत आले आणि फोन लावला. पहिल्याच गिऱ्हाइकाला म्हणाले, "जरा सर्व्हिसिंग करायची हाय, दोन दिवस मशीन ठेवा बंद." पलीकडून मोठ्यानं ऐकू आलं, "पाडव्यानंतर करू, दादा! आता कुठं!"

मी हात पुढे केला. त्यांनी फोन दिला. का दिला ते मला अजून कळलं नाही.

"भाऊ, मी जाई बोलतेय, डिझाइनवाली. मशीन आत्ताच्या आत्ता बंद करा. शाफ्ट तुटू शकतो, ड्रम खाली येईल. शिरडमध्ये एक बाई जखमी झालीय. चूक आमची आहे. आधी खालच्या बाया बाजूला काढा, मग मला शिव्या द्या."

शिव्या दिल्याच. पण बंद केली.

पाच वाजेपर्यंत दहा बंद झाल्या. अकरावी संतरामची. तो मशीन घेऊन गावोगाव भाड्यानं पॉलिश करून देतो, म्हणजे सगळ्यांत जास्त तास तीच चाललीय. त्याचा फोन बंद.

शुक्रवार, २८ मार्च

सकाळी सहाला काका आणि मी पिकअप घेऊन निघालो. संतरामच्या घरी कळलं, तो कळमनुरीकडे गेलाय. तिथं कळलं, काल संध्याकाळीच हलला. रस्त्यात दिसेल त्याला विचारत गेलो. "पॉलिशवाला? तिकडं नाल्याच्या पलीकडं, धूळ दिसंन बघा पिवळी."

धूळ दिसली. नऊ वाजून गेले होते.

ड्रम फिरत होता. त्याच्या खाली वाकून तीन बाया भुकटी ओढत होत्या. एकीचं डोकं ड्रमच्या अगदी कडेला. मी ओरडले. ट्रॅक्टरच्या आवाजात कुणाला काही ऐकू गेलं नाही. धावताना ढेकळांत पाय मुरगळला आणि मी पडले. वर बघितलं तर काका पळत नव्हते, लांब ढांगा टाकत सरळ ट्रॅक्टरकडे चालले होते. चढले, बंद केला.

ड्रम आणखी दोन फेरे फिरून थांबला. ते दोन फेरे!

संतराम धावत आला. "ए म्हाताऱ्या, काहून बंद केला?"

मी लंगडत पोचले, सांगितलं. त्याला पटेना. "पाचशे क्विंटल काढली ह्याच्यावर. कुरकुर न्हाई का काही न्हाई. शेजारचं गाव वाट बघून राहिलं."

काका म्हणाले, "एक घंटा दे. न्हाई काही निघालं तर मीच चालू करून देतो आन तिथंच खाली बसतो."

ड्रम रिकामा केला, खाली लाकडी ओंडके लावले, बेअरिंग ओढून काढलं. काकांनी पायरी रॉकेलनं धुतली, कोरडी पुसली आणि वरून खडू घासला. कोपरा पांढरा झाला. मग म्हणाले, "आता थांबायचं."

सगळे वाकून बघत होते. मी काय मागत होते ते लिहायला लाज वाटते. आधी वाटलं, रेघ निघू नये, म्हणजे मी एवढीही चुकले नाही. मग वाटलं, निघावी, नाहीतर हा माणूस परत चालू करेल.

पांढऱ्या खडूतून एक ओली रेघ वर आली. भेगेत मुरलेलं रॉकेल बाहेर येत होतं. रेघ पायरीच्या कोपऱ्यातून पुढं सरकत गेली, अर्ध्या शाफ्टला वळसा घालून पलीकडे.

मग संतराम मागे वळला आणि त्या बायांना म्हणाला, "सपना, तू घरी जा. तिघी पण जा." सपना त्याची मुलगी. ड्रमच्या कडेला डोकं होतं तीच.

फोटो दादांना पाठवला. तासाभरानं उत्तर आलं. "वसरामला म्हणावं, लेथ साफ करून ठेवलीय."

बुधवार, ९ एप्रिल

इतके दिवस लिहायला वेळ नाही. रोज एक-दोन शाफ्ट निघतात. काका लेथवर, मी त्यांच्या शेजारी स्टुलावर. त्यांच्या हत्याराची गोलाई मापून घेतली. तीन मिलिमीटर, मी हिशोबानं काढली होती तेवढीच. त्यांनी ती कधी मोजली नव्हती.

आणि ते कडं ठिगळ नव्हतं. त्याची आतली कड तिरकी घासलेली असते. गोलाईवर ते बसतं आणि बेअरिंग त्याला टेकतं. मी ते नव्या ड्रॉइंगमध्ये घेतलं. काकांना प्रत्येक ठिकाणी विचारते, हे असं का? निम्म्या वेळा ते "असंच असतंय" म्हणतात. मग मी उठत नाही. पुन्हा विचारते, करून दाखवायला सांगते. काल तशातून सात गोष्टी निघाल्या, ज्या जुन्या मशीनमध्ये होत्या आणि माझ्या ड्रॉइंगमध्ये नव्हत्या.

दोघा गिऱ्हाइकांनी मशीन परत केल्या. एकानं फाट्यावर सगळ्यांसमोर दादांची कॉलर धरली. दादांनी माझं नाव घेतलं नाही.

मंगळवार, २२ एप्रिल

शाफ्टची शेवटची जोडी किसनरावांची. दादा म्हणाले, वसराम जाईल, तुम्ही नाही गेलात तरी चालेल. मी गेले.

पार्वतीबाई ओसरीवर बाजेवर होत्या, पाय प्लास्टरमध्ये. मी शेजारी बसले आणि सांगितलं. शाफ्टचा कोपरा मी चुकीचा काढला होता. भार जास्त नव्हता. तरी मी रिपोर्टात तसं लिहिलं.

त्यांनी प्लास्टरवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "पायाचं सोड. हाड काय, जुळून येईन. पण गावात समद्यांनी म्हणलं, हावरटपणानं ज्यादा भरली, आन बायकोचा पाय घालवला. महिना झाला, ते पारावर जात न्हाईत. ते तू मला नको सांगू. त्यांना सांग."

किसनराव खळ्यात होते. काका शाफ्ट बसवत होते. मी पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून. दुरुस्त केलेला रिपोर्ट दिला, खाली सही करून. त्यांनी उभ्यानंच वाचला. परत वाचला. घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि खिशावर हात तसाच राहू दिला.

"आज पारावर वाचून दाखवतो," म्हणाले. "तुमच्या नावासकट."

"वाचा."

मशीन तयार झाली. सुनेनं आणि एका गड्यानं हळद भरली. आठ क्विंटल, किसनरावांनी पोतं न् पोतं मोजलं. सून खालची भुकटी ओढायला फावडं घेऊन पुढं झाली, तसे ते म्हणाले, "तू थांब." मग माझ्याकडे बघितलं. "पहिल्या खेपेला तुमी थांबा तिथं. ती व्हती त्या जागी."

काकांनी मान वर केली.

सुनेच्या हातातून मी फावडं घेतलं आणि ड्रमच्या कडेला जाऊन वाकले. ट्रॅक्टर सुरू झाला. आठ क्विंटल हळद माझ्या डोक्यावर उचलली गेली आणि धडाधड कोसळली, पुन्हा उचलली गेली. जमीन तळपायाखाली हलत होती. हे वजन मी चार महिने स्क्रीनवर आकड्यात बघत होते. बेअरिंग माझ्या कानापासून हातभर लांब होतं. मी भुकटी ओढत राहिले. तोंड, डोळे, केस सगळे भरले. पळून जावंसं वाटत होतं. शाफ्टवर माझा विश्वास होता, तरीही वाटत होतं.

खेपेला चाळीस मिनिटं लागली. ट्रॅक्टर बंद झाला. किसनराव आले, माझ्या हातातून फावडं घेतलं आणि सुनेकडे दिलं.

"दुसरी भरा," म्हणाले.